जो चमत्कार नव्हताच, तो संपला कसा?

१६ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी वॉर्सामध्ये आइसलंडला युक्रेनविरुद्ध फक्त बरोबरी हवी होती. ऐंशी मिनिटं ती टिकली. मग शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल बसले आणि २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाचं दार बंद झालं. दोनच दिवसांनी तिकडे किंग्स्टनमध्ये क्युरासावने जमैकाला ०-० असं रोखलं. विश्वचषकाला पात्र ठरलेला सर्वांत कमी वस्तीचा देश हा २०१८ पासून आइसलंडच्या नावावर असलेला मानही त्या रात्री गेला. साडेतीन लाखांच्या बेटाचा विक्रम दीड लाखांच्या बेटाने मोडला. लगेच मृत्युलेख सुरू झाले. परीकथा संपली, फुगा फुटला, ती एक पिढी होती आणि ती गेली. गंमत अशी, की हे म्हणणाऱ्यांत बरेच जण तेच आहेत, ज्यांनी २०१८ च्या जूनमध्ये सकाळी सकाळी आपल्याला तो मेसेज पाठवला होता: साडेतीन लाखांचा देश मेस्सीला रोखतो आणि एकशे तीस कोटींचा आपला देश टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवतो.

मला हे दोन्ही सूर चुकीचे वाटतात, आणि दोन्ही एकाच चुकीतून निघालेले वाटतात. लोकसंख्येने यशाला भागायचं आणि जे उत्तर येईल त्याने थक्क व्हायचं, ही ती चूक. भागाकार मोठा आला की चमत्कार, छोटा आला की फुगा. मधे काही असू शकतं हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. माझं म्हणणं असं, की २०१६ च्या युरोत (युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत) इंग्लंडला हरवून आणि २०१८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला रोखून आइसलंडने जे केलं तो चमत्कार नव्हता, म्हणून आज जे होतंय तो त्याचा शेवटही नाही. हे दाखवायला मला मेस्सीची अडवलेली पेनल्टी उपयोगाची नाही, दंतवैद्य असलेला प्रशिक्षक हेमिर हाल्ग्रिमसन उपयोगाचा नाही, आणि जाहिराती-व्हिडिओ दिग्दर्शित करणारा गोलरक्षक हान्नेसही नाही. मला त्या संघाच्या उजव्या कडेला धावणारा एक माणूस पुरेसा आहे. योहान बेर्ग गुडमुंडसन. नाव आठवायला दोन सेकंद लागले असतील तर उत्तमच. मुद्दा तोच आहे.

नावावरून एक आडवळण. गुडमुंडसन हे आडनाव नव्हे. गुडमुंडुरचा मुलगा, एवढाच त्याचा अर्थ. आपण वडिलांचं नाव मधे घालतो, ते शेवटी घालतात, आणि आडनावाची भानगडच बहुतेक घरांत नाही. तिकडे पंतप्रधानांनाही पहिल्या नावानेच हाक मारतात. इंग्लंडच्या समालोचकांनी त्याला आयुष्यभर वडिलांच्या नावाने हाक मारली. आपण योहान म्हणू.

त्याची एक रात्र मात्र कुणीही तारा म्हणावा अशी होती. ६ सप्टेंबर २०१३, बर्न, विश्वचषकाची पात्रता फेरी. समोर स्वित्झर्लंड, गटातला सर्वांत भारी संघ. तिसऱ्याच मिनिटाला योहानने गोल केला. मग यजमानांनी चार ठोकले. चौपन्न-पंचावन्न मिनिटं झाली तेव्हा फलक ४-१ होता आणि अशा वेळी छोटे संघ काय करतात हे सगळ्यांना ठाऊक असतं: मागे बसतात, पाचवा-सहावा होऊ नये एवढं पाहतात, आणि विमान पकडतात. आइसलंडने एक फेडला. अडुसष्टाव्या मिनिटाला योहानने आणखी एक. भरपाई वेळेत चेंडू पुन्हा उजव्या कडेला त्याच्याकडे आला. तो डाव्या पायाचा आणि खेळतो उजवीकडे, म्हणजे त्याला कडेने पळून क्रॉस (गोलसमोर टाकलेला आडवा चेंडू) मारण्यापेक्षा आत वळायची ओढ. तो आत वळला. पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरूनच डाव्या पायाने चेंडू असा वळवला, की तो आधी बाहेर जातोय असं वाटलं आणि मग दूरच्या खांबाला बिलगून आत शिरला. ४-४. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत देशासाठी गोल मोजकेच आहेत, आणि त्यातले तीन त्या एका रात्रीत आले.

आता प्रश्न असा: चमत्कारवाल्यांना ही रात्र आवडायला हवी, मग ते तिच्याबद्दल बोलत का नाहीत? कारण त्या रात्रीनंतर आइसलंड विश्वचषकाला गेलंच नाही. नोव्हेंबरात प्लेऑफमध्ये क्रोएशियाने त्यांना हरवलं. गोष्टीला शेवट नाही, म्हणून गोष्ट नाही. पण इतिहास असाच घडतो, शेवट नसलेल्या गोष्टींतून. २०१२ मध्ये फिफाच्या क्रमवारीत १३१ व्या स्थानी घसरलेला संघ पुढच्याच वर्षी प्लेऑफपर्यंत येतो, २०१४-१५ मध्ये नेदरलँड्सला घरी आणि अॅमस्टरडॅममध्ये असं दोनदा हरवतो, २०१६ च्या युरोत पहिल्याच सामन्यात पोर्तुगालशी १-१ बरोबरी करतो. तो गोल बिर्किर ब्यार्नासनचा, क्रॉस उजव्या कडेवरून योहानचा. मग नीसमध्ये इंग्लंडला २-१ असं घरी पाठवतो. २०१८ च्या फेब्रुवारीत १८ वा क्रमांक गाठतो. सहा वर्षं जो पायरी पायरीने चढत होता, त्याला चमत्कार म्हणणं म्हणजे त्या सहा वर्षांत आपण पाहत नव्हतो याची कबुली देणं आहे.

योहानची नोकरी, कारण ती नोकरीच होती, कशी चालली ते पाहा. १९९० चा जन्म. २००८ चा हंगाम कोपावोगुरच्या ब्रेइडाब्लिक क्लबकडून खेळला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात देशातल्या तिन्ही मोठ्या बँका आठवडाभरात कोसळल्या. पुढच्या जानेवारीत तो नेदरलँड्समधल्या अल्कमारच्या एझेड क्लबात गेला. त्या क्लबने त्याच मोसमात डच लीग जिंकली, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये त्याच्या मालकाची डीएसबी बँक दिवाळखोर ठरली. एका बुडालेल्या बँकांच्या देशातून निघून पोरगा वर्षाच्या आत दुसऱ्या बुडालेल्या बँकेच्या क्लबात! तिथे तो पाच वर्षं राहिला, संघात आत-बाहेर करत. मग चार्लटन, इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतला, मालक आणि चाहते यांच्या भांडणाने पोखरलेला क्लब. दोन मोसम तिथे काढले, दुसऱ्या मोसमाअखेर क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला. २०१६ च्या उन्हाळ्यात बर्नलीने त्याला घेतलं आणि पुढची आठ वर्षं तो तिथेच होता.

बर्नली हे लँकेशायरमधलं, कापडगिरण्यांच्या काळात भरभराटलेलं आणि नंतर ओसरलेलं गाव. वस्ती लाखाच्या आत. प्रशिक्षक शॉन डाइश यांच्या हाताखाली तो संघ जो खेळ खेळायचा त्याला देखणा म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. दोन सरळ ओळी, चार आणि चार, आणि दोघे पुढे. अशा संघात विंगरचं, म्हणजे कडेने खेळणाऱ्याचं, काम म्हणजे अर्धा वेळ बचावपटूचं काम. प्रतिस्पर्ध्याचा फुलबॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, पुढे सरकला की त्याच्यामागे साठ यार्ड मागे पळायचं, चेंडू मिळाला की तेच साठ यार्ड पुन्हा पुढे, आणि एवढं करून जी एक संधी येईल तिच्यात क्रॉस नेमका टाकायचा. टीव्हीच्या पडद्यावर यातलं निम्मं दिसतही नाही, कारण कॅमेरा चेंडूच्या मागे असतो आणि हा चेंडू नसलेल्या जागेत धावत असतो. २०१७-१८ च्या मोसमात या कामातून त्याने प्रीमियर लीगमध्ये आठ गोल करवून दिले, स्वतः दोनच केले. बर्नली सातवी आली. त्या गावाचा क्लब अर्ध्या शतकाने युरोपच्या स्पर्धेत गेला. मग दुखापती, २०२२ मध्ये घसरण, नवे प्रशिक्षक व्हिन्सेंट कोम्पनीच्या हाताखाली १०१ गुणांनी दुसऱ्या श्रेणीचं अजिंक्यपद, आणि २०२४ मध्ये पुन्हा घसरण.

यात दंतकथा व्हावी असं काय आहे? काहीच नाही. आणि माझा युक्तिवाद इथेच सुरू होतो. आइसलंडला तारे कधी कमी नव्हते. आल्बर्ट गुडमुंडसन दुसऱ्या महायुद्धानंतर रेंजर्स, आर्सेनल, नान्सी करत एसी मिलानपर्यंत पोचला. पुढे हाच माणूस देशाचा अर्थमंत्री झाला, आणि १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी व्हिग्डिस फिनबोगादोत्तिर यांच्याविरुद्ध उभा राहून हरला. आस्गेइर सिगुरव्हिन्सन १९८४ मध्ये स्टुटगार्टबरोबर जर्मन लीग जिंकला. एइडुर गुडयोनसेन चेल्सीकडून दोनदा इंग्लिश लीग आणि २००९ मध्ये बार्सिलोनाकडून चॅम्पियन्स लीग जिंकला. गुणवत्तेच्या निकषावर यांच्यातल्या कुणाहीपुढे योहान फिका आहे, हे तो स्वतःही नाकारणार नाही. मग या माणसांच्या ऐन भरात आइसलंडचा पुरुष संघ एकाही मोठ्या स्पर्धेला का गेला नाही? १९६७ मध्ये कोपनहेगनला डेन्मार्ककडून १४-२ असा मार खाल्ला, तेव्हा देशात प्रतिभा नव्हती असं नाही. एकट्या ताऱ्याच्या आजूबाजूला उभी राहणारी नऊ-दहा कामाची माणसं नव्हती. शिखर होतं, डोंगर नव्हता. २०१० नंतर जे बदललं ते शिखर नव्हे. एइडुरसारखा दुसरा काही निपजला नाही. डोंगराची मधली उंची वाढली. संघातला सातवा, आठवा, नववा माणूस युरोपातल्या चांगल्या लीगमध्ये दर आठवड्याला पगारी घाम गाळणारा झाला. योहान त्या मधल्या उंचीचा नमुना आहे, म्हणून मला तो मेस्सीच्या पेनल्टीपेक्षा मोलाचा वाटतो.

ही मधली उंची कुठून आली? याचं उत्तर कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते फॉरवर्ड होत नाही. हिवाळ्यात रेक्याविकमध्ये दुपारी साडेतीनला सूर्य मावळतो. पूर्वी पोरं मुरमाच्या मैदानावर खेळायची, वारा असा की वर मारलेला चेंडू मागे यायचा, पडलं की गुडघ्याची सालटं निघायची. २००० मध्ये केफ्लाविकला पहिलं पूर्ण आकाराचं बंदिस्त मैदान झालं, २००२ मध्ये कोपावोगुरला फीफन झालं, मग इतर गावांत. शाळांच्या शेजारी कृत्रिम हिरवळीची शंभराहून अधिक छोटी मैदानं झाली. आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षक. युएफाचा, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाचा, बी परवाना असलेले सहाशेहून अधिक प्रशिक्षक त्या चिमूटभर देशात तयार झाले, आणि ते वरच्या संघांपुरते राखून ठेवले नाहीत. आठ-दहा वर्षांच्या मुलामुलींना शिकवणारा माणूस परवानाधारक आणि पगारी. आपल्याकडे काय, जगात बहुतेक ठिकाणी त्या वयाच्या पोरांना कुणाचा तरी हौशी काका शिकवतो.

आणखी एक धागा यात विणलेला आहे, तो फुटबॉलवाल्यांच्या चर्चेत येतच नाही. नव्वदच्या दशकात आइसलंडची पंधरा-सोळा वर्षांची पोरं युरोपात सर्वांत जास्त पिणाऱ्यांत होती. १९९८ मध्ये त्या वयातल्या ४२ टक्क्यांनी गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ पर्यंत हा आकडा ५ टक्क्यांवर आला. त्यासाठी जे केलं त्यात रात्री बाहेर राहण्यावर वयानुसार निर्बंध होते, पालकांच्या बैठका होत्या, आणि प्रत्येक मुलाला संध्याकाळी जायला जागा होती. रेक्याविकने तर खेळ-संगीताच्या शुल्कासाठी प्रत्येक मुलामागे वर्षाला ३५,००० क्रोनांचं कार्ड दिलं. म्हणजे सार्वजनिक पैसा ओतला गेला तो पोरं दारूपासून दूर राहावीत म्हणून. विश्वचषक हे त्याचं ठरवलेलं पीक नव्हतंच, बांधावर उगवलेलं होतं.

आता विरोधकांची बाजू, आणि ती तकलादू नाही. पहिला आक्षेप: ही नशिबाची पिढी होती. त्या संघातले गिल्फी, आरोन, आल्फ्रेड १९८९ चे, कोल्बेइन आणि योहान १९९० चे, बिर्किर १९८८ चा. एवढ्याशा देशात तीन वर्षांत एवढी माणसं निपजणं हा योगायोग नाही तर काय? आणि तुमचा योहान तर बंदिस्त मैदानाचं शुद्ध फळही नाही, किशोरवयात तो काही काळ लंडनमध्ये होता, तिथल्या अकादम्यांमध्ये शिकला. दोन्ही गोष्टी मान्य. पिढीत नशिबाचा भाग होताच. पण नशिबाचे फासे टाकायलाही हात लागतो. हीच पोरं २०१० च्या ऑगस्टमध्ये एकवीस वर्षांखालील गटात जर्मनीला ४-१ हरवून गेली होती, म्हणजे सगळं एका उन्हाळ्यात आकाशातून पडलं नाही. आणि २००८ च्या पडझडीत क्लबांकडे परदेशी खेळाडूंना द्यायला पैसे उरले नाहीत, तेव्हा सतरा-अठराची घरची पोरं थेट वरिष्ठ संघात उतरवावी लागली. संकटाने दार उघडलं, हे खरं. पण दाराबाहेर तयार पोरं उभी नसती तर उघडून काय उपयोग होता?

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. आइसलंड श्रीमंत देश आहे. दर तीनपैकी जवळपास दोन माणसं राजधानीच्या परिसरात राहतात, त्यामुळे एक छप्पर घातलं की निम्म्या देशाची सोय होते. झारखंडच्या पाड्यावरच्या पोरीला किंवा मालीतल्या पोराला हे उदाहरण दाखवणं म्हणजे थट्टा आहे. बरोबर. जो कुणी आइसलंडचं मॉडेल म्हणून ते उचलून दुसरीकडे ठेवायला सांगतो, तो एकतर भोळा आहे किंवा काहीतरी विकतोय. पण पैसा हेच कारण असेल तर लक्झेंबर्गचं काय करायचं? आइसलंडच्या जवळपास दुप्पट वस्ती, माणशी उत्पन्न जगात सर्वांत वरच्या देशांत, फ्रान्स-जर्मनी-बेल्जियम कुंपणाला लागून, आणि आजवर एकही युरो नाही, एकही विश्वचषक नाही. कतारने २०२२ मध्ये यजमान म्हणून अमाप पैसा लावला आणि तिन्ही सामने हरला. पैसा लागतो, पण तो कशावर लावला हेही पाहावं लागतं. छप्पर आणि शिक्षक यांवर लावलेला पैसा आणि झगमगाटावर लावलेला पैसा यांचा व्याजदर वेगळा असतो.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून फारसं कुणी मांडत नाही, पण मांडायला हवी. २०२१ मध्ये राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंवरील लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारी महासंघाने कशा हाताळल्या यावरून तिथे मोठा स्फोट झाला. अध्यक्षांनी राजीनामा दिला, पाठोपाठ सगळं मंडळ गेलं. ज्या संघाला जगाने निरागस कोळ्या-सुतारांचा संघ म्हणून डोक्यावर घेतलं होतं, त्याच्या आतलं चित्र तेवढं निरागस नव्हतं. परीकथेचा हाच धोका असतो. परीकथेतल्या माणसांना कुणी जाब विचारत नाही. नंतर व्हान्डा सिगुरगेइर्सदोत्तिर अध्यक्ष झाल्या, युएफाच्या कुठल्याही सदस्य महासंघाच्या प्रमुखपदी आलेल्या पहिल्या महिला. पण त्यामुळे आधीचं झाकलं जात नाही, आणि मी ते झाकू इच्छित नाही. व्यवस्था पोरांना खेळायला शिकवते म्हणून ती सगळंच शिकवते असा दावा कुणी करू नये.

आणि मग चौथा, सर्वांत टोकदार प्रश्न. बंदिस्त मैदानात लहानाची मोठी झालेली खरी पिढी तर योहाननंतरची. मग ती का पात्र होत नाही? बुडापेस्ट, नोव्हेंबर २०२०: हंगेरीविरुद्ध १-० पुढे, अठ्ठ्याऐंशिव्या मिनिटाला बरोबरी, भरपाई वेळेत पराभव. व्रोत्स्वाफ, मार्च २०२४: युक्रेनविरुद्ध आधी गोल करून चौऱ्याऐंशिव्या मिनिटाला १-२. आणि आता वॉर्सा. तीन वेळा, तिन्ही वेळा शेवटच्या दहा मिनिटांच्या आसपास. इथे मी थोडा अडखळतो. एकदा झालं तर दुर्दैव म्हणता येतं, तिसऱ्यांदा म्हणताना लाज वाटते. माझ्या मते याचं कारण बाकावर आहे. समोरचा संघ पंचाहत्तराव्या मिनिटाला ताजे पाय उतरवतो तेव्हा ते पाय पहिल्या अकराइतकेच चांगले असतात. छोट्या देशाचे बदली खेळाडू तेवढे नसतात. म्हणजे मधली उंची वाढली, पण बाराव्यापासून सोळाव्या माणसापर्यंत अजून पोचलेली नाही. ही खरी उणीव आहे, ती नाव घेऊन सांगता येते. पण फुगा फुटला आणि उणीव आहे, या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर नाही का? फुटलेला फुगा तीनदा दारापर्यंत येत नाही. तो २०२४ च्या जूनमध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला १-० हरवत नाही, की २०२५ च्या ऑक्टोबरात फ्रान्सशी २-२ करत नाही.

शिवाय मृत्युलेख लिहिणाऱ्यांना मी एकच विचारतो: तुम्ही कुठला संघ पाहताय? आइसलंडचा महिला संघ २००९, २०१३, २०१७, २०२२ आणि २०२५, अशा लागोपाठ पाच युरोंना गेला आहे. त्याच मैदानांतून, त्याच प्रशिक्षकांच्या हातून. पुरुष हँडबॉल संघाने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक घेतलं. व्यवस्था मेली म्हणायचं आणि तिच्या निम्म्याहून अधिक उत्पादनाकडे पाठ फिरवायची, हा हिशेब कुठल्या वहीतला?

क्युरासावची गोष्टही नीट पाहिली तर लोकसंख्येचा भागाकार आणखी हास्यास्पद ठरतो. त्यांच्या संघातली जवळजवळ सगळी मुलं नेदरलँड्समध्ये जन्मली आणि तिथल्या अकादम्यांत घडली. त्यांना पात्र ठरवणारे प्रशिक्षक डिक अॅडव्होकाटही डच. मी हे कमीपणा म्हणून सांगत नाही. स्थलांतरितांच्या नातवंडांनी आजोबांच्या बेटासाठी खेळावं यात उलट एक सुंदर न्याय आहे. पण आइसलंडने माणसं घरी घडवून बाहेर पाठवली आणि क्युरासावने बाहेर घडलेली माणसं घरी बोलावली, असे हे दोन उलटे रस्ते आहेत. सर्वांत छोटा देश या एका रकान्यात दोघांना एकाखाली एक लिहिलं, की दोघांबद्दलही काहीच कळत नाही.

योहानच्या कारकिर्दीचा शेवट काहींना खटकतो. २०२४ च्या उन्हाळ्यात बर्नलीशी एक वर्षाचा नवा करार केला आणि काही आठवड्यांत सौदीच्या अल-ओरोबाकडे गेला, पुढे अमिरातीतल्या अल-धाफ्राकडे. पैशासाठी गेला, असं म्हणतात. अर्थात पैशासाठी गेला. तेहतिशी उलटलेला, पोटऱ्या आणि मांड्या वारंवार दुखावलेला विंगर, ज्याच्या पेशाला आणखी दोन-तीन वर्षं उरलीत, तो कशासाठी जाणार? सौदी राजवट खेळावर पैसा का उधळते, यावर बोलायला भरपूर आहे आणि ते कठोरपणे बोललं पाहिजे. पण तो भार करोडो कमावून बसलेल्या नावांवर आधी टाकावा. बर्नलीच्या उजव्या कडेवर आठ वर्षं मागे-पुढे पळालेल्या माणसावर नको.

बर्नलीचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचा एक दुवा सांगितल्याशिवाय राहवत नाही. बर्नलीचा हाडवैरी क्लब म्हणजे शेजारचा ब्लॅकबर्न रोव्हर्स, आणि तो २०१० पासून पुण्याच्या वेंकीजच्या मालकीचा आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये योहानच्या बर्नलीने अजिंक्यपद पक्कं केलं ते नेमकं ब्लॅकबर्नच्या मैदानावर, १-० असं जिंकून. म्हणजे इंग्लिश क्लब विकत घेण्याइतका पैसा महाराष्ट्रात आहे. कोल्हापुरात तालमी-तालमींची ईर्ष्या अशी आहे, की शाहू स्टेडियमवरच्या सामन्याला लोक काम बुडवून जातात, म्हणजे वेडही आहे. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि २०१९ मध्ये काही काळ ब्लॅकबर्नला सराव करून आला. म्हणजे पोरंही आहेत. पैसा आहे, वेड आहे, पोरं आहेत. तरीही तो एकशे तीस कोटींचा मेसेज चुकीचाच आहे, कारण फुटबॉल एकशे तीस कोटी खेळत नाहीत. ज्यांना दहाव्या वर्षी चालत जाता येईल अशा अंतरावर शिकलेला प्रशिक्षक मिळाला, तेवढेच खेळतात. तो आकडा आपल्याकडे किती हे कुणी मोजलं, तर तुलना करता येईल. कदाचित आपण तेव्हा आइसलंडपेक्षा छोटा देश ठरू, आणि मग आपल्या निकालांचं कुणाला आश्चर्य वाटणार नाही.

त्या २०१८ च्या मेसेजमधला सामना अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. १६ जून, मॉस्को, अर्जेंटिनाशी १-१. त्रेसष्टाव्या मिनिटाला योहान पोटरी दुखावून बाहेर आला आणि त्याच्या जागी रूरिक गिस्लासन उतरला, तोही विंगरच. मिनिटभरात हान्नेसने मेस्सीची पेनल्टी अडवली. जगाने त्या सामन्यातून दोन गोष्टी घरी नेल्या: ती पेनल्टी आणि रूरिकचे सोनेरी केस. काही दिवसांत इन्स्टाग्रामवर त्याचे दहा लाखांहून अधिक चाहते झाले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या तिप्पट. सहा दिवसांनी व्होल्गोग्राडला नायजेरियाविरुद्ध योहान खेळू शकला नाही. आइसलंड ०-२ हरलं. त्या सामन्याचा मेसेज मला कुणी पाठवला नाही.